चार अक्षरांचं नातेपुते आणि बावीस अक्षरांचा अभंग

बोटांवर मोजा: ना, ते, पु, ते. चार अक्षरं झाली. मराठीतल्या सगळ्यात लाडक्या छंदाला, म्हणजे अभंगाला, शेवटच्या चरणात नेमकी चारच अक्षरं लागतात. ज्ञानेश्वर माउलींची पालखी बरडहून निघते, धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि जिल्ह्यातला पहिला मुक्काम टाकते तो याच नातेपुत्यात. गावाचं नाव अभंगाच्या मापाचं आहे हा योगायोग आहे, पण फार गोड योगायोग आहे. तेव्हा कवितेचं यमक, वृत्त आणि पुनरावृत्ती यांची गंमत बघायला माळशिरस तालुक्यातल्या या रस्त्यासारखी दुसरी जागा नाही. वही-पेन नको, दोन्ही हातांची बोटं पुरतील.

सहा, सहा, सहा, चार

मोठ्या अभंगाचं माप असं: पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. बेरीज 22. हे माप पंडितांनी मागाहून काढलेलं नाही. संत नामदेवांच्या नावावर एक अभंगच आहे, त्यात अभंगाचं गणित सांगितलं आहे: पहिल्या तीन चरणांची मिळून अठरा अक्षरं आणि शेवट धरून बावीस. कवितेचा नियम त्याच कवितेच्या मापात सांगायचा, ही करामत मराठीनं सातशे वर्षांपूर्वी करून ठेवली आहे. हरिपाठ याच मापात चालतो. त्याच्या पहिल्या अभंगाच्या आरंभावरून या छंदाला 'देवद्वार' असं नावही मिळालं आहे.

माप कळायचं तर एक कडवं स्वतः जुळवून बघावं. हे घ्या, खास या लेखासाठी बांधलेलं:

डोईवर ऊन । पायांखाली माती ।
टाळ दोन्ही हाती । नातेपुते ॥

डो-ई-व-र-ऊ-न, सहा. पा-यां-खा-ली-मा-ती, सहा. टा-ळ-दो-न्ही-हा-ती, सहा. ना-ते-पु-ते, चार. 'न्ही' हे जोडाक्षर आहे, तरी ते एकच मोजायचं. आता 'दोन्ही हाती'च्या जागी 'दोन हातांत' म्हणून बघा. अर्थ तोच, पण सहाची सात अक्षरं झाली. म्हणताना जीभ अडखळते आणि यमकही गेलं.

आणखी एक बारकावा. बोलताना आपण 'ऊन' म्हणतो तेव्हा शेवटचा 'न' अर्धाच उच्चारतो. अभंगात तसं चालत नाही. तिथे 'ऊ' आणि 'न' अशी दोन पुरी अक्षरं म्हणावी लागतात, 'डोईवर'मधला 'र'सुद्धा पुरा. बोलण्यातली मराठी आणि गाण्यातली मराठी इथे वेगळ्या वाटेनं जातात. शाळेतल्या मुलांची अक्षरं मोजताना हमखास चुकतात ती याच ठिकाणी, कारण मुलं वाचून मोजतात. गाऊन मोजली की चुकत नाहीत.

यमक सापडत नाही? मग ओळीच्या मध्ये बघा

बालगीतांची सवय असलेला वाचक यमक शोधतो ओळीच्या टोकाला. वरच्या कडव्यात ओळींच्या टोकांना काय आहे? 'माती' आणि 'नातेपुते'. यमक नाहीच! कारण मोठ्या अभंगात यमक जुळतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. छापताना दोन-दोन चरणांची एक ओळ करतात, त्यामुळे यमकाचा एक पाय पहिल्या ओळीच्या शेवटी पडतो आणि दुसरा पुढच्या ओळीच्या पोटात. कान त्याला लगेच पकडतो, डोळा चुकवतो.

या जागेची किमया मोठी आहे. पहिली ओळ संपली म्हणून तुम्ही थांबू लागता, तेवढ्यात यमक तुम्हाला पुढच्या ओळीत ओढून नेतं. मग येतो चौथा चरण, दोन अक्षरांनी आखूड आणि यमकाविना. ही दोन अक्षरं हरवलेली नसतात. गाताना शेवटचं अक्षर लांबवून त्यांची जागा भरतात, तेवढ्यात श्वास घेतला जातो आणि पुढचं कडवं उचललं जातं. चालत्या दिंडीत तासन् तास गायचं तर श्वासाची ही सोय छंदातच हवी. मला विचाराल तर अभंगाची खरी ताकद त्या न लिहिलेल्या दोन अक्षरांत आहे.

लहान अभंगाचा कारभार वेगळा. आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, आणि यमक शेवटी, आपल्या ओळखीच्या जागी. नमुना जवळच्या शिखर शिंगणापूरचा घेऊ. चैत्रात कावडी मुंगी घाट चढतात तेव्हा घोष होतो 'हर हर महादेव'. ह-र-ह-र-म-हा-दे-व. नेमकी आठ! लहान अभंगाचा एक चरण तयारच आहे, दुसरा आपण लावू: 'कावडीला बळ ठेव'. हीसुद्धा आठ.

देवाची नावं, हव्या त्या मापात

'रामकृष्ण हरी' मोजा. सहा अक्षरं, म्हणजे मोठ्या अभंगाचा एक पुरा चरण. 'जय जय रामकृष्ण हरी' मोजा. चार आणि सहा, दहा. अभंगाच्या दुसऱ्या ओळीत सहा आणि चार असतात, इथे तेच उलट्या क्रमानं आलेत. 'विठ्ठल विठ्ठल' पुन्हा सहा. वारकऱ्याच्या तोंडी चोवीस तास जे नाम आहे, तेच त्याच्या कवितेचं माप आहे.

देवाला इतकी नावं कशासाठी, या प्रश्नाला भक्तीचं उत्तर आहेच, छंदाचंही एक उत्तर देता येईल. दोन अक्षरं हवीत? 'विठू'. तीन हवीत? 'विठ्ठल', 'विठोबा', 'विठाई', 'केशव'. चार? 'पांडुरंग', 'विठुराया', 'नारायण'. पाच? 'पंढरीनाथ'. रचनाकाराच्या हाताशी प्रत्येक मापाचं नाव हजर आहे.

गावांचंही तसंच. 'पंढरपूर' पाच अक्षरांचं, चौथ्या चरणात मावत नाही. 'पंढरीत', 'पंढरीची', 'पंढरीला' मावतात. संतांच्या ओठी 'पंढरी' इतकी का रुळली, याचं एक कारण हे असावं असं मला वाटतं. पालखीच्या वाटेवरची बाकी गावं घ्या. फलटण चार, वेळापूर चार, ही नातेपुत्याच्या पंगतीतली. माळशिरस पाच, भंडीशेगाव पाच. बरड, वाखरी, लोणंद तीन-तीन. आणि या साऱ्यांत भाग्यवान गाव म्हणजे तोंडले-बोंडले: तीन अधिक तीन सहा, वर आतल्या आत यमकही जुळलेलं. गावानं स्वतःच एक चरण रचून दिलाय.

सही करायलाही अक्षरं लागतात

अभंगाच्या शेवटी संत आपली नाममुद्रा घालतात. तीही मापातच. 'तुका म्हणे' चार अक्षरं, म्हणजे सहाच्या चरणात आणखी दोन अक्षरांची जागा उरते. 'नामा म्हणे', 'चोखा म्हणे', 'जनी म्हणे' यांचा हिशेब तोच. 'ज्ञानदेव म्हणे' सहा, चरण भरला. एकनाथांनी आपल्या नावाला गुरूचं नाव जोडलं, 'एका जनार्दनी'. गुरुभक्ती तर आहेच, मोजा, सहा अक्षरंही पुरी झाली. अरणच्या सावता माळ्याची मुद्रा 'सावता म्हणे' पाच अक्षरांची, तिला एका अक्षराची जोड लागते.

चोखोबा मंगळवेढ्याचे, सावतोबा माढा तालुक्यातल्या अरणचे. ही दोन्ही ठिकाणं सोलापूर जिल्ह्यात. जनाबाईचं जातं आजही पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात दाखवतात. या एका जिल्ह्याच्या मातीत छंदाची केवढी इस्टेट आहे!

तेच तेच पुन्हा का?

तुकोबांची गाथा उघडा. सुमारे साडेचार हजार अभंग. बहुतेक अभंगांत पहिल्या कडव्यापुढे 1 असा आकडा दिसेल आणि दुसऱ्या कडव्यापुढे 2 नव्हे, तर 'ध्रु.' दिसेल. हेच धृपद. प्रत्येक कडव्यानंतर फिरून यायचं ते या दुसऱ्या कडव्याकडे. सिनेगीतात आपण पहिली ओळ पुन्हा ऐकतो, म्हणून अभंगातही पहिलीच ओळ घोळवतात असा पुष्कळांचा समज असतो. गाथेतला तो छोटासा 'ध्रु.' वेगळं सांगतो.

ही पुनरावृत्ती शोभेची नाही, कामाची आहे. दिंडीत पुढचा एक चरण सांगतो, मागचे टाळकरी तोच उचलतात. त्यामुळे ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही पूर्ण अभंग म्हणता येतो. दहाव्यांदा ऐकताना तो पाठ झालेला असतो. छापखाना येण्याआधी शेकडो वर्षं हे वाङ्मय टिकलं ते या पालुपदांच्या जोरावर.

पोवाड्यात हेच काम झीलकरी करतात. शाहीर कडव्याच्या टोकाला येतो, मागून 'जी जी' उठतं, तेवढ्यात शाहिराला दम घ्यायला आणि पुढची ओळ आठवायला सवड मिळते. शाहीर अमर शेख याच जिल्ह्यातल्या बार्शीचे. हजारोंची सभा एका आवाजावर पेलायची तर मागची झील भक्कमच लागते.

गझलेत पुनरावृत्तीचा कायदा आणखी कडक. काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, बदलतो; त्यामागून येणारा रदीफ मात्र शेरामागून शेर तोच. नवखा कवी रदीफ नुसता ओढत नेतो. सुरेश भटांसारखा कसलेला गझलकार त्याच शब्दाला दर शेरात नवा अर्थ देतो. अभंगाचं धृपदही तसंच आहे: शब्द तेच, पण मधल्या कडव्यानं काहीतरी नवं सांगितलेलं असतं, म्हणून परत येताना ते वेगळं ऐकू येतं.

आणि पुनरावृत्तीचा सगळ्यात जोरकस वापर कवितेबाहेर होतो, पालखीतळावरच्या समाजआरतीत. सगळ्या दिंड्या तळावर जमतात, टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंच करतात आणि एका क्षणात सगळं शांत होतं. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी थांबत नाही. बाकी सारे गप्प, आणि तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, मगच टाळ थांबतात. अर्ज नाही, घोषणा नाही, फक्त तोच ठेका पुन्हा पुन्हा. दाद मागायची इतकी सुरेल रीत मी दुसरीकडे पाहिली नाही.

नीरेपलीकडचे पंत

नातेपुत्याहून उत्तरेला नीरा ओलांडून गेलं की बारामती. पंडित कवी मोरोपंत पन्हाळ्यावर 1729 मध्ये जन्मले, पण त्यांची हयात गेली ती बारामतीत, आणि तिथेच 1794 मध्ये त्यांचा देह पडला. त्यांनी 108 रामायणं रचल्याचं सांगतात. कथा एकच, मग 108 वेळा कशाला? कारण दर वेळी पंत स्वतःला नवी अट घालून घेत. 'श्रीराम जयराम जयजयराम' या 13 अक्षरी मंत्राची अक्षरं त्यांनी रामायणात गुंफली.

सगळ्यांत धाडसी आहे ते निरोष्ठ रामायण. ज्यांना ओठ मिटावे लागतात ती प, फ, ब, भ, म ही अक्षरं पूर्ण वर्ज्य! म्हणजे रामायण सांगायचं आणि 'राम' म्हणायचं नाही, कारण 'म' चालत नाही. 'सीता' चालते, 'दशरथ' चालतो, 'भरत' नाही. कवीला आपलं नाव घालायची सोय नाही, 'मोरोपंत'मध्ये 'म' आहे आणि 'प'ही. गाव सांगायचीही नाही, 'बारामती'त 'ब' आणि 'म'. नातेपुतेही 'पु'मुळे बाद. पाच मिनिटं असं बोलून बघा, पंतांपुढे हात जोडाल.

पंतांची आवडती आर्या अक्षरांवर चालत नाही, मात्रांवर चालते. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, आणि जोडाक्षराआधी आघात आला तर ऱ्हस्वाच्याही दोन. आर्येचे चरण 12, 18, 12, 15 मात्रांचे. शेवटचा चरणही 18 मात्रांचा केला की ती होते गीती. पंतांनी 'आर्या' म्हणून जे लिहिलं त्यात मोठा वाटा गीतीचा आहे. त्यांची केकावली मात्र पृथ्वी वृत्तात. तिथे दर चरणात 17 अक्षरं, आणि कुठलं लघु (एका मात्रेचं), कुठलं गुरू (दोन मात्रांचं) हेही ठरलेलं. यमकाच्या बाबतीत मात्र त्यांच्या आधीचे वामन पंडित नाव काढून गेले. यमकाच्या हौसेपायी लोकांनी त्यांना 'यमक्या वामन'च म्हटलं.

पंतांच्या या भारदस्त आर्या खेड्यापाड्यात पोचवल्या कुणी? सोलापूरच्या राम जोशींनी. तमाशाच्या फडात लावण्या गाजवणारा हा शाहीर पुढे कीर्तनकार झाला आणि कीर्तनांतून मोरोपंतांच्या आर्या गाऊ लागला. राम जोशींच्या लावण्यांत यमकं ओळीच्या शेवटची वाट बघत नाहीत, पावलापावलावर पडतात. बारामतीचं पांडित्य आणि सोलापूरची ढोलकी यांची गाठ पडली ती अशी. 1947 मध्ये 'लोकशाहीर राम जोशी' हा चित्रपट आला आणि हे नाव पुन्हा घराघरांत पोचलं.

यमाताराजभानसलगा

स्पर्धा परीक्षेसाठी वाळंब्यांचं व्याकरण घोकणाऱ्या पोरांना हा शब्द माहीत असतो. अर्थ काही नाही, पण यात आठही गण, म्हणजे लघु-गुरूंचे तीन-तीन अक्षरी गट, दडलेत. 'यमाता' म्हणजे य गण: लघु, गुरू, गुरू. एक अक्षर पुढे सरका, 'मातारा', म गण. असं सरकत गेलं की आठही गण येतात, एकही दोनदा येत नाही. तीन जागा आणि दोन पर्याय यांची सगळी आठ रूपं दहा अक्षरांत बसवण्याची ही युक्ती. अशा मांडणीला आज गणितात डी ब्रुइन क्रम म्हणतात. आपल्याकडे ती पोरंसोरं पाठ करतात.

'नातेपुते'ला लावून बघू. ना-ते-पु: गुरू, गुरू, लघु. म्हणजे त गण. वर एक गुरू 'ते'. मात्रा दोन, दोन, एक, दोन: सात. मराठी छंदांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्या माधव जूलियनांनी, म्हणजे माधवराव पटवर्धनांनी, 'छंदोरचना' या ग्रंथात मात्रांच्या आवर्तनांना सुरेख नावं दिली आहेत. पाच मात्रांचं अग्न्यावर्तन, सहाचं भृंगावर्तन, सातचं हरावर्तन, आठचं पद्मावर्तन. नातेपुते हरावर्तनी! भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणजे पद्मावर्तनाशी त्याचं सख्य.

आठ मात्रा एक-एक आणि दोन-दोननं किती तऱ्हांनी भरता येतील? 34. सात मात्रा 21 तऱ्हांनी, सहा 13, पाच 8. प्रत्येक आकडा आधीच्या दोहोंची बेरीज. जग याला फिबोनाचीचे आकडे म्हणतं, त्याचा ग्रंथ 1202 चा. पण आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकाच्या मध्यालाच, मात्रावृत्तं मोजता मोजता, हा नियम सांगितला होता.

जात्यावरची शाळा

अभंगाच्या आधी ओवी. तीन चरण यमकात, चौथा आखूड आणि मोकळा, अक्षरांचं बंधन सैल. ज्ञानेश्वरीच्या सुमारे 9 हजार ओव्या याच घडणीच्या. पण ओवी ग्रंथात गेली त्याआधी ती बायकांच्या गळ्यात होती. कल्याणीच्या चालुक्य राजाच्या, तिसऱ्या सोमेश्वराच्या, मानसोल्लास ग्रंथात नोंद आहे की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. हा ग्रंथ 1129 च्या सुमाराचा, ज्ञानेश्वरीच्या दीडशे वर्षं आधीचा. राजधानी कल्याणी म्हणजे सोलापूरच्या पूर्वेचं आजचं बसवकल्याण.

जात्यावरच्या ओवीत पुनरावृत्तीचा एक निराळाच उपयोग. पहिली ओळ घोळवून दोनदा-तीनदा म्हणायची, तेवढ्यात मनात दुसरी जुळते. दळण चालू, गाणं चालू, रचनाही चालू. यमक सापडलं की ओवी पुरी झाली. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा करून घेतल्या. त्या आज 'पारी' या ग्रामीण संग्रहात वाचता आणि ऐकता येतात. तरी कितीतरी ओव्या कुठल्याच वहीत नाहीत. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, आणि ज्यांना ओव्या येतात त्या बाया आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत.

तेव्हा नातेपुत्यातल्या, माळशिरस तालुक्यातल्या, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक घरातल्या मंडळींना एक विनंती. आजीला ओवी म्हणायला सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करा. मग लिहून काढा. लिहिताना तिचे उच्चार 'शुद्ध' करू नका, नाहीतर अक्षरांचं माप मोडेल. ती ओळ तीनदा म्हणाली असेल तर तीनदा लिहा, पुढे कंसात 3 घालून मोकळे होऊ नका. आणि खाली तिचं नाव, माहेर आणि सासर नक्की लिहा.